मोठी संख्या समोर आली की तिची कुंडली कशी काढायची: १२३४५६७८९० घेऊन एकेक पायरी

कुणीतरी एखादा लांबलचक आकडा देतं आणि विचारतं "याचे गुणधर्म सांग", आणि आपण कॅल्क्युलेटर काढून भागत सुटतो, २ ने भाग, ३ ने भाग, ७ ने भाग, अर्ध्या तासाने वही भरते आणि हाती काहीच नसतं. मी हे केलेलं आहे. म्हणून हा लेख लिहितोय, कुणाचा तरी अर्धा तास वाचावा.

उदाहरणाला १२३४५६७८९० घेतोय. दिसायला बाळबोध आहे, कीबोर्डवर बोट फिरवलं की तयार होणारा आकडा, पण आत शिरलं की बरंच काही निघतं. मी पहिल्यांदा याचे अवयव पाडायला बसलो तेव्हा साधारण दोनशे भागाकार केले, काही लागलं नाही, आणि कंटाळून "उरलेला तुकडा मूळच असणार" असं ठरवून मोकळा झालो. चूक होतं ते. बरोबर उत्तर दोन ओळींच्या कामावर होतं, कसं ते पायरी ४ मध्ये येईल.

आधी सामान. वही आणि पेन (हसू नका, लागतं), निदान १२ अंक दाखवणारा कॅल्क्युलेटर, १०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी (२५ आहेत, एकदाच लिहून वहीच्या मागच्या पानावर चिकटवा), आणि जमलं तर पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) असलेला कॉम्प्युटर किंवा फोन. एवढंच. गणिताची पदवी लागत नाही, आठवीपर्यंतचं मसावि, वर्गमूळ, घातांक आठवत असेल तर भागतं.

१. आकडा नीट उतरवून घ्या

ही पायरी सगळे वगळतात आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आधी अंक मोजा. १२३४५६७८९० मध्ये १० अंक. मग स्वल्पविराम टाका: आपल्या पद्धतीने १,२३,४५,६७,८९०, म्हणजे एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. तोच आकडा दुसरीकडे १,२३४,५६७,८९० असा तीन-तीनच्या गटात लिहिलेला सापडेल. दोन्ही बरोबर, पण एकाच पानावर दोन्ही पद्धती मिसळल्या की एखादं शून्य कधी गळलं ते कळत पण नाही.

आकडा तोंडाने म्हणून बघा. "अब्ज" म्हणताना अडखळलात तर बहुतेक अंक चुकलाय. आणि कॉपी-पेस्ट केला असेल तर पहिले तीन आणि शेवटचे तीन अंक मूळ ठिकाणाशी ताडून घ्या.

२. कॅल्क्युलेटरला हात न लावता नुसतं बघा

शेवटचा अंक ० आहे, म्हणजे २ आणि ५ दोन्हीने नि:शेष भाग जातो. शेवटी एकच शून्य आहे, म्हणजे ही वर्गसंख्या असूच शकत नाही, कारण वर्गाच्या शेवटी शून्यं आली तर जोडीनेच येतात. वर्गमूळ काढायची गरजच संपली. (काढलंच तर ३५१३६.४२ च्या आसपास येतं, हा आकडा पुढे लागेल.)

आता अंकांची बेरीज: १+२+३+४+५+६+७+८+९+० = ४५. ४५ ला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. इथे जरा थांबा. ० ते ९ हे सगळे अंक एकेकदा वापरून कुठलीही दहा अंकी संख्या बनवा, कशीही उलटसुलट करा, बेरीज ४५ च राहणार, म्हणजे ९ ने भाग जाणारच. अशा संख्या बत्तीस लाखांच्या वर आहेत आणि त्यातली एकसुद्धा मूळ नाही, एकही भागाकार न करता कळलं.

अजून एक गंमत. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ४५ ने भाग जातो का? जातो, २७४३४८४२ वेळा. अशा संख्यांना हर्षद संख्या म्हणतात, आणि हे नाव देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिलंय, तेच ६१७४ या 'कापरेकर स्थिरांक' वाले. जगभरातले लोक हाच शब्द जसाच्या तसा वापरतात.

३. छोटे अवयव सोलून बाजूला काढा

१० ने भागलं: १२३४५६७८९. ९ ने भागलं: १३७१७४२१.

सापळा इथे आहे. ३ ने एकदा भाग गेला की लोक पुढे सरकतात. असं करू नका, उरलेल्या आकड्यावर परत तीच कसोटी लावा, जोपर्यंत जातोय तोपर्यंत. आपण ९ ने, म्हणजे दोनदा ३ ने भागलंय, तिसऱ्यांदा जातो का? १३७१७४२१ च्या अंकांची बेरीज २६. नाही जात. ठीक, ३ चं काम संपलं, घातांक २.

आता ७, ११, १३. तीन वेगळे भागाकार करायची गरज नाही. ७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि आळीपाळीने अधिक-उणे करा:

४२१ − ७१७ + १३ = −२८३

आता फक्त २८३ ला ७, ११, १३ ने भागून बघा. बाकी ३, ८, १०. एकानेही जात नाही, म्हणजे १३७१७४२१ लाही जात नाही. मला ही युक्ती कळली त्या दिवसापासून मी ७ ची ती शेवटचा अंक दुप्पट करून वजा करायची कसोटी सोडूनच दिली, मोठ्या आकड्यावर ती भागाकारापेक्षा जास्त वेळ खाते असं माझं मत आहे.

पुढे १७, १९, २३ वगैरे साधे भागाकार. १०० पर्यंतच्या यादीतल्या सगळ्या मूळ संख्या लावून बघा. या केसमध्ये एकही लागत नाही. आणि इथेच बहुतेक लोक हार मानतात.

४. हट्टी तुकडा उरला की दोन वर्गांची वजाबाकी शोधा

१३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३.७ च्या आसपास. म्हणजे नुसत्या भागाकाराने जायचं तर ३७०३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतील, त्या पाचशेच्या वर आहेत. हाताने कुणी करणार नाही, मीही दोनशेला थांबलो होतो.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४३ च्या सुमारास वेगळाच रस्ता वापरला. विषम संयुक्त संख्या ही दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहिता येते, आणि अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) हे आपण शाळेत घोकलेलंच आहे. म्हणजे असा एक वर्ग शोधायचा जो आपल्या संख्येपेक्षा थोडा मोठा आहे, आणि त्यातून संख्या वजा केली की जे उरतं तेही वर्ग आहे. मिळालं की अवयव आपोआप पडले.

सुरुवात वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून, म्हणजे ३७०४:

३७०४² = १३७१९६१६
१३७१९६१६ − १३७१७४२१ = २१९५

२१९५ वर्ग आहे का? ५ ने संपणारा वर्ग कायम २५ ने संपतो. हा ९५ ने संपतोय. नाही.

पुढचा, ३७०५. याचा वर्ग परत पहिल्यापासून काढू नका. ३७०४² वरून ३७०५² ला जायला ३७०४ + ३७०५ = ७४०९ मिळवायचे असतात, मग बाकीमध्येच ते मिळवा:

२१९५ + ७४०९ = ९६०४

९६०४... हा ओळखीचा वाटला पाहिजे. १०० − २ चा वर्ग, म्हणजे १०००० − ४०० + ४. ९८²!

म्हणजे १३७१७४२१ = ३७०५² − ९८² = (३७०५ − ९८)(३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३.

दुसऱ्या प्रयत्नात. ३६०७ ही मूळ संख्यांच्या रांगेत ५०४ वी आहे, म्हणजे भागत गेलो असतो तर ५०४ व्या भागाकाराला उत्तर मिळालं असतं, आणि मी दोनशेला "मूळच असणार" म्हणून उठलो होतो. अजून आठवलं की चिडचिड होते.

वर्ग आहे का हे पटकन ओळखायला एवढं लक्षात ठेवा: वर्गाचा शेवटचा अंक २, ३, ७, ८ कधीच नसतो. १, ४ किंवा ९ ने संपत असेल तर दशकाचा अंक सम हवा. ६ ने संपत असेल तर दशकाचा अंक विषम हवा. ५ असेल तर २५ हवं, ० असेल तर ०० हवं. या चाळणीत बहुतेक आकडे गळून पडतात, उरलेल्याचंच वर्गमूळ काढायचं.

पण ही पद्धत म्हणजे जादू नाही. अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच पटकन लागते. उलटा आकडा घ्या, ९८७६५४३२१. त्यातून ९ काढला की उरतात १०९७३९३६९, आणि त्याचे अवयव १७ × १७ × ३७९७२१. इथे फर्माची पद्धत लावली तर वर्गमूळापासून, म्हणजे १०४७६ पासून निघून १९०००५ पर्यंत चालत जावं लागेल, जवळपास एक लाख ऐंशी हजार पावलं. आणि साध्या भागाकाराने १७ लगेच सापडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी छोट्या मूळ संख्या, मग फर्मा वीस-पंचवीस पावलं, आणि तरी नाही लागलं तर कॉम्प्युटर. अडून बसायचं नाही.

जाता जाता, हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवा: ९८७६५४३२१ ला १२३४५६७८९ ने भागा. भागाकार ८, बाकी ९. बरोब्बर ९. आणि १२३४५६७८९ ला ९ ने भाग जातो, म्हणजे दोघांचा मसावि ९. युक्लिडची रीत दोन ओळीत संपली. कॅल्क्युलेटरवर भागाकार ८.००००००० असा काहीतरी दिसतो आणि लोकांना वाटतं अचूक ८ आहे, नाहीये, शेपूट पुढे आहे.

५. मिळालेले तुकडे खरंच मूळ आहेत का, हे सिद्ध करा

३६०७ आणि ३८०३ मिळाले म्हणून काम संपलं असं नाही, ते अजून फुटू शकतात. नियम सोपा: वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं.

३६०७ चं वर्गमूळ ६० पेक्षा किंचित जास्त, म्हणून ५९ पर्यंत. २, ३, ५ नाही हे दिसतंच. बाकीच्यांच्या बाक्या: ७ ला २, ११ ला १०, १३ ला ६, १७ ला ३, १९ ला १६, २३ ला १९, २९ ला ११, ३१ ला ११, ३७ ला १८, ४१ ला ४०, ४३ ला ३८, ४७ ला ३५, ५३ ला ३, ५९ ला ८. कुठेही शून्य नाही, मूळ आहे. (२९ आणि ३१ दोघांना ११ आली तेव्हा मला वाटलं एकच ओळ दोनदा लिहिली, परत केलं. तर ३५९६ = ४ × २९ × ३१ आहे, म्हणून दोघांची बाकी सारखी. असे प्रकार होतात, घाबरू नका पण तपासा.)

३८०३ ला हेच करा, पण सावध. ६१² = ३७२१, हा ३६०७ पेक्षा मोठा आहे पण ३८०३ पेक्षा लहान. म्हणजे ३६०७ ला ५९ ला थांबता येतं, ३८०३ ला ६१ पण तपासावा लागतो. बाकी २१ येते, मूळ आहे. "आधीच्याला ५९ पर्यंत केलं होतं, याला पण तेवढंच" हा आळस एखाद्या दिवशी नडतो.

तर पूर्ण उत्तर: १२३४५६७८९० = २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३.

तुकडाच मोठा असेल तर? याच आकड्याचा शेजारी १२३४५६७८९१ घ्या. तो मूळ आहे. पण भागाकाराने सिद्ध करायला ३५१३६ पर्यंतच्या, म्हणजे साडेतीन हजाराच्या वर मूळ संख्या लागतील. अशा वेळी फर्माची कसोटी: संख्या प मूळ असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ चा (प − १) वा घात घेऊन प ने भागलं की बाकी १ येते. १ नाही आली तर संख्या नक्की संयुक्त.

उलट बाजू मात्र धोक्याची. १ आली म्हणजे मूळच असं नाही. ३४१ = ११ × ३१ आहे, तरी २ घेऊन कसोटी लावली की बाकी १ येते. ५६१ = ३ × ११ × १७ तर त्याहून बदमाश, ज्या अ चा ५६१ शी सामाईक अवयव नाही अशा कुठल्याही अ ला फसवतो. यांना कारमायकेल संख्या म्हणतात. म्हणून व्यवहारात मिलर-राबिन वापरतात, ती याच कल्पनेची कडक आवृत्ती आहे. आणि आपल्या मापाच्या आकड्यांसाठी चांगली बातमी: ३२१५०३१७५१ पेक्षा लहान संख्येला अ च्या जागी २, ३, ५, ७ हे चार आकडे घेऊन मिलर-राबिन लावली तर निकाल शंभर टक्के पक्का, "बहुतेक" वगैरे नाही. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल, सक्सेना यांनी कितीही मोठ्या संख्येसाठी पक्का निकाल देणारी आणि तात्त्विकदृष्ट्या वेगवान रीत पण दाखवली, पण रोजच्या कामाला लोक अजून मिलर-राबिनच धरतात.

६. परत गुणून बघा, आणि नुसत्या ९ वर विसंबू नका

३६०७ × ३८०३ हाताने केलं असेल तर तपासायची जुनी रीत: अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत. ३६०७ चे ७, ३८०३ चे ५, गुणाकार ३५, त्याचे ८. आणि १३७१७४२१ चे २६, त्याचे ८. जुळलं.

पण समजा घाईत १३७१४७२१ लिहिलं, मधले दोन अंक उलटे. बेरीज तीच २६, कसोटी पास! शेजारचे अंक उलटे होणं ही आपली सगळ्यात कॉमन चूक आणि नेमकी तीच ९ च्या कसोटीला दिसत नाही. म्हणून ११ ची पण लावा, उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे. ३६०७ चे १०, ३८०३ चे ८, गुणाकार ८०, ११ ने बाकी ३. बरोबर आकड्याची बाकी ३ येते, उलट्या अंकांच्या आकड्याची ९ येते. पकडला.

७. अवयव मिळाले, आता बाकी सगळं पाच मिनिटांत

खरं सांगायचं तर गुणधर्म गुणधर्म म्हणतात त्यातले निम्मे अवयवांतून नुसते वाचून काढायचे असतात.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणा. घातांक १, २, १, १, १ आहेत, म्हणून २ × ३ × २ × २ × २ = ४८. यात १ आणि संख्या स्वतः दोन्ही धरलेत. लोक इथे घातांकात १ मिळवायला विसरतात आणि २ उत्तर आणतात, दहा अंकी सम संख्येला दोनच विभाजक कसे असतील याचा विचारही करत नाहीत.

विभाजकांची बेरीज? (१+२) × (१+३+९) × (१+५) × (१+३६०७) × (१+३८०३) = ३ × १३ × ६ × ३६०८ × ३८०४ = ३२११६१०६८८. यातून संख्या स्वतः वजा केली की १९७७०४२७९८ उरतात, जे आपल्या आकड्यापेक्षा जास्त आहेत. म्हणजे ही परिपूर्ण संख्या नाही (६, २८, ४९६ मध्ये दोन्ही बाजू अगदी सारख्या येतात), तिच्या विभाजकांचं पारडं जड आहे, अशीला अबंडंट म्हणतात.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक अवयव नसलेल्या) संख्या किती? ऑयलरचं फंक्शन: प्रत्येक मूळ अवयवाला एक वजा, पण ३² साठी (३−१)² नाही हं, ९ − ३ = ६. हा सापळा मी दोनदा खाल्लाय. मग १ × ६ × ४ × ३६०६ × ३८०२ = ३२९०४०२८८.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? ४ ने भागून ३ बाकी देणारा मूळ अवयव शोधा, त्याचा घातांक विषम असेल तर अशक्य. ३ चा घातांक २ आहे, तो त्रास देत नाही. पण ३६०७ ला ४ ने भागा (नुसते शेवटचे दोन अंक बघा, ०७), बाकी ३, घातांक १. संपलं, नाही लिहिता येत. तीन वर्गांत? ८ ने बाकी ७ आली तर अडतं, इथे २ आहे, म्हणजे अडचण नाही, येतं. आणि चार वर्गांत तर कुठलीही नैसर्गिक संख्या येतेच, लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलंय.

८. बायनरी

सारखं २ ने भागत जा, बाक्या खालून वर वाचा. १००१००११००१०११०००००००१०११०१००१० येतं, ३१ अंक, त्यात १२ एक. हाताने केलं तर पडताळा एवढाच: २ चा ३० वा घात १०७३७४१८२४ आणि ३१ वा २१४७४८३६४८, आपला आकडा मधे बसतो, म्हणून ३१ अंकच हवेत. यापेक्षा जास्त वेळ इथे घालवू नका.

९. कॉम्प्युटरवर करताना कुठे फसाल

स्प्रेडशीट. मी एकदा १२३४५६७८९० चा वर्ग त्यात काढला. खरं उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१००. त्याने दाखवलं १५२४१५७८७५०१९०५००००. एरर नाही, वॉर्निंग नाही, शेवटचे २१०० गुपचूप शून्य करून टाकले, कारण तिथे १५ च अंक खरे धरले जातात. मी त्यावर पुढचं पानभर गणित केलं होतं. म्हणून १५ च्या वर अंक गेले की स्प्रेडशीट बंद.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पण तसंच, ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे साध्या नंबरवर भरवसा नाही, ९००७१९९२५४७४०९९३ टाइप करा आणि एंटर मारा, शेवटी २ दिसेल.

पायथन पूर्णांक कितीही मोठे अचूक ठेवतो, तो वापरा. फक्त भागाकाराला / नको, // वापरा, आणि बाकीला %. एकच तिरकी रेघ दिली की तो दशांशात जातो आणि मोठ्या आकड्याचं शेपूट उडतं. वर्गमूळासाठीही मॅथ मॉड्यूलमधलं साधं स्क्वेअररूट नको, त्याच्या शेजारी पूर्णांक वर्गमूळाचं फंक्शन आहे ते घ्या. अवयवांसाठी सिम्पाय लायब्ररी किंवा पारी-जीपी उत्तम. लिनक्स असेल तर काहीच इन्स्टॉल करायला नको, टर्मिनलमध्ये फॅक्टर ही कमांड आणि पुढे आकडा.

आणि तरी शेवटी परत गुणून बघा. टूल चुकत नाही, पण आपण टाइप केलेला आकडा चुकतो.

१०. आकडा शंभर अंकी असेल तर अपेक्षा कमी ठेवा

मूळ आहे की नाही हे सांगणं सोपं, अवयव सांगणं कठीण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. "संयुक्त आहे हे माहितीय मग अवयव का नाही माहिती?" माझाही हाच प्रश्न होता. तर २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, ही संयुक्त आहे हे ल्युकाने १८७६ मध्येच दाखवलं होतं, एकही अवयव न सांगता. अवयव मिळायला १९०३ उजाडलं, कोल नावाच्या गणितज्ञाने काढले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. आज फोनवर हे चटकन होतं, पण आकडा पुरेसा मोठा केला की आपण परत १८७६ मध्ये. आरएसए-२५० हा २५० अंकी आकडा २०२० मध्ये फुटला, तोही ढीगभर कॉम्प्युटर कामाला लावून. त्यामुळे कुणी ३०० अंकी आकडा दिला तर पायरी २ आणि ३ करा, मिलर-राबिन लावा, छोटे अवयव मिळाले तेवढे सांगा, आणि "उरलेला तुकडा संयुक्त आहे, फुटलेला नाही" असं लिहून मोकळे व्हा. ते पूर्ण उत्तर आहे, अर्धवट नाही.

सरावाला

२०२७६५१२८१ घ्या, फर्माचं स्वतःचं उदाहरण. छोट्या मूळ संख्या लागणार नाहीत. वर्गमूळ ४५०२९ च्या पुढे आहे, म्हणून ४५०३० पासून सुरू करा, पहिली बाकी ४९६१९ यायला हवी, १९ ने संपतेय म्हणजे वर्ग नाही. त्यात ४५०३० + ४५०३१ = ९००६१ मिळवा, मग ९००६३, मग ९००६५, असं दोन-दोन वाढवत जा आणि प्रत्येक बाकी चाळणीतून काढा. बाराव्या बाकीला १०४०४०० येईल आणि शेवटी दोन शून्यं बघून कळेलच. त्याआधी कुठे वर्ग सापडला असं वाटलं तर मिळवण्यात चूक आहे, मागच्या ओळीपासून परत करा.